नवीन काही?

माझा फीड रीडर, म्हणजे ब्लॉगांवर नवं काही आलंय का ते बघून आणणारं सॉफ्टवेअर, दर तासाला २१४ पत्त्यांवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो. मागच्या खेपेनंतर नवीन काही? बहुतेक दारांतून उत्तर येतं ३०४. वेबच्या बोलीत त्याचा अर्थ असा, की काही बदललेलं नाही, तुमच्याकडे आहे तेच ताजं समजा. या उत्तरासोबत मजकूर येत नाही. रीडर ते ऐकून घेतो, पुढच्या दारी जातो आणि तासाभराने पुन्हा येतो. मी एका छोट्या सर्व्हरवर मिनिफ्लक्स नावाचा रीडर चालवते, त्यामुळे ही सगळी ये-जा मला नोंदींमध्ये दिसते. रात्री काम उरकल्यावर कधी कधी मी त्या ओळी नुसत्या वर सरकताना बघत बसते. ३०४, ३०४, ३०४, आणि मध्येच एक २००. कुणीतरी काहीतरी लिहिलंय.

या २१४ पैकी दीडशेहून अधिक पत्ते वेब डेव्हलपरांचे आहेत. कुणी ब्राउझर घडवणाऱ्या चमूत आहे, कुणी एकट्याने कामं घेतं, कुणी वर्षानुवर्षं एकाच छोट्या सॉफ्टवेअरची देखभाल करत बसलंय. त्यांच्यापैकी जवळपास कुणालाच मी भेटलेली नाही. पण कुणाचं वाक्य लांबत जातं, कुणाला सीएसएसमधला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला, नवा गुणधर्म सापडला की तीन दिवसांत तीन लेख पडतात, कुणी रागावलं की फार सभ्य लिहायला लागतं, हे मला नीट माहीत आहे.

मी या कामात पडले ते २००६ साल. तेव्हा पानाची मांडणी फ्लोट लावून करायची रीत होती. फ्लोट ही मुळात चित्राच्या कडेने मजकूर वाहावा म्हणून केलेली सोय. आम्ही तिच्यावर आख्खी पानं उभी करायचो आणि ती कोसळायची. एका दुपारी माझा डावीकडचा रकाना बरोबर दुप्पट मार्जिन घेऊन बसला. २० पिक्सेल सांगितले तर ४० घ्यायचा. तेव्हाच्या एका चलतीच्या ब्राउझरमधला तो दोष होता, पण ब्राउझरही चुकू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी माझ्याच आकडेमोडीत चूक शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाच्या ब्लॉगवर हुबेहूब तेच मोडलेलं चित्र दिसलं. उपाय एका ओळीचा होता: फ्लोट केलेल्या खोक्याला डिस्प्ले इनलाइन द्या. आणि त्याखाली त्याने लिहिलं होतं, हे का चालतं ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या दोन रात्री यात गेल्या, तुमच्या जाऊ नयेत.

उपायाने काम झालं. मनात राहिली ती खालची ओळ. तोवर मी जे शिकले होते ते पुस्तकांतून, आणि पुस्तकातला लेखक कधी अडकलेला दिसत नाही. तो अडकतो तेव्हा पान लिहीत नाही, सुटल्यावर लिहितो. इथे एक माणूस अर्धवट सुटलेला, अर्धवट अडकलेला, तसाच बोलत होता. हा धंदा असाही करता येतो, न कळलेलं उघड सांगून, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग मी असे ब्लॉग जमवायला लागले. बुकमार्कांची रांग लागली. रोज सकाळी एकेक उघडायचा, वरचा मथळा कालचाच आहे का बघायचं, बंद करायचा. शेजारी बसणाऱ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी दोन आठवडे हे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू कशाला दारोदार फिरतेस? फीड घाल ना. ते फिरेल." गूगल रीडर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी माझ्या खुर्चीत बसून पहिले पाच पत्ते स्वतः घातले. त्यातला एक त्या फ्लोटवाल्याचा होता.

फीड म्हणजे साइटच्या पोटात ठेवलेली एक साधी एक्सएमएल फाइल. लेखाचं नाव, दुवा, तारीख, मजकूर, की पुढचा लेख. एवढंच. लिहिणारा लिहितो, फाइल बदलते, वाचणाऱ्याचा रीडर येऊन ती बघून जातो. आपल्याला कोण वाचतंय हे लिहिणाऱ्याला धड कळत नाही, आणि वाचणाऱ्याला कुणाला कळवावं लागत नाही. मधे कुणी बसलेलं नाही, हे त्यातलं माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचं. वाचून झाल्यावर पुढे काय वाचावं हे मला कुणी सुचवत नाही. यादी संपते. संपते म्हणजे खरोखर संपते, आणि मी कामाला लागते.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने आपल्या पोर्टलवर इतर साइटींच्या बातम्या आणता याव्यात म्हणून आरएसएसची, म्हणजे फीड लिहायच्या एका ठराविक पद्धतीची, पहिली आवृत्ती काढली. पोर्टल मावळलं, फाइल उरली. मग तिच्यावरून भांडणं झाली. आरएसएसवर काम करणारे डेव्हलपर डेव्ह वायनर यांना ती साधीच राहायला हवी होती, दुसऱ्या एका गटाला ती आरडीएफ या माहितीचं वर्णन करायच्या पद्धतीच्या पायावर उभी करायची होती. त्या गटात ॲरन स्वार्ट्झ होता. डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० आलं तेव्हा तो १४ वर्षांचा होता. दोन्ही बाजू आपापल्या वाटेने गेल्या, म्हणून २००२ मधलं आरएसएस २.० हे १.० चं पुढचं पाऊल नाही, ती वायनर यांची वेगळी वाट आहे. या ओढाताणीतून तिसऱ्यांनी ॲटम ही नवी फीड-पद्धत घडवली आणि डिसेंबर २००५ मध्ये ती आरएफसी ४२८७ या दस्तऐवजाने इंटरनेटवर प्रमाण झाली. आज कुठलाही बरा रीडर तिन्ही वाचतो, वाचणाऱ्याला फरक जाणवतही नाही. इतक्या तावातावाने झालेल्या वादाचा शेवट इतका निवांत व्हावा, याचं मला बरं वाटतं.

आरएसएस २.० चा तपशील, म्हणजे त्याची नियमावली, मी कामासाठी वाचली होती, पण त्यातल्या दोन जागी थांबले. एक म्हणजे लेखाला शीर्षक किंवा मजकूर यांपैकी एक असलं की पुरे, बाकी सगळं ऐच्छिक. शीर्षकाशिवाय, नुसती दोन वाक्यं लिहून ठेवलीत तरी तो लेखच. दुसरी जागा त्याहून हळवी. लिहिणाऱ्याला फाइलमध्ये अशी नोंद करता येते, की आठवड्यातल्या अमुक दिवशी, दिवसातल्या अमुक तासांना येऊ नका, मी काही टाकणार नाही. सर्व्हरवरचा भार वाचावा हा त्यामागचा हेतू. किती रीडर ती नोंद पाळतात तो भाग निराळा. पण एका तांत्रिक नमुन्यात कुणाच्या तरी सुट्टीच्या दिवसाला जागा ठेवली आहे, हे वाचून मी तो दस्तऐवज आदराने मिटला.

डेव्हलपरांचे ब्लॉग फीडमधून वाचायचे म्हणजे त्यांचं अर्धं काम न बघताच वाचायचे. ही माणसं ओळींमधल्या अंतरावर महिने घालवतात. दुव्यावर माउस नेला की अधोरेखा कशी यावी, यासाठी झटतात. आणि माझ्या रीडरमध्ये ते सगळं गळून पडतं. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन सुरू केलं, तिथे पानाचा एकच मूळ ढाचा, एकच एचटीएमएल, निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वेशांत सजवून दाखवलं. माझ्याकडे नेमकं उलटं, दीडशे जणांचा मजकूर एकाच वेशात, एकाच फॉन्टमध्ये, पांढऱ्यावर काळा. मला सुरुवातीला याची टोचणी असायची. पुढे जाणवलं की वेश उतरल्यावर आवाज जास्त ऐकू येतो. ज्याची साइट बघून मी दिपले होते त्याच्या लेखात सांगण्यासारखं फार नसायचं, आणि करड्या, ओबडधोबड पानावर लिहिणाऱ्या एका बाईंचं प्रत्येक वाक्य तोलून लिहिलेलं निघायचं.

अर्थात फीडमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही, त्यामुळे हात लावून बघायचे नमुने तिथे मुके होतात. कोडमधली रिकामी जागा कधी कधी खाल्ली जाते. चित्रांचे पत्ते अर्धवट लिहिले असतील तर चित्रं येत नाहीत. अशा वेळी मी मूळ साइटवर जाते, आणि त्या जाण्याला भेटीची चव असते. काही जण फीडमध्ये फक्त पहिला परिच्छेद देतात. त्यांचा नाइलाज असेल, पण मला आख्खा लेख देणाऱ्यांबद्दल जास्त ओढ आहे. आणि काही जण फक्त फीडमध्येच दिसतील असे लेख लिहितात, साइटवर त्यांचा मागमूस नसतो. ते वाचताना आवाज आपोआप खाली आल्यासारखा वाटतो.

सीएसएसवर लिहिणारे एरिक मायर यांचं फीड माझ्या यादीत पहिल्या वर्षापासून आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी त्यांची रिसेट स्टाइलशीट, ब्राउझरांची आपापली मूळ सजावट पुसून टाकणारी फाइल, कधी ना कधी वापरली असेल. मी ते फीड सिलेक्टरांसाठी घातलं होतं, म्हणजे पानातला कुठला भाग सजवायचा ते निवडणाऱ्या सीएसएसच्या खुणांसाठी. २०१३ मध्ये त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूत गाठ निघाली, आणि ज्या जागी आम्ही सिलेक्टरांबद्दल वाचत होतो त्याच जागी ते तिच्या उपचारांबद्दल लिहू लागले. मी ते सगळं वाचलं. वर आणि खाली रोजच्याच गोष्टी असायच्या, फॉन्ट लवकर कसे उतरवावेत, मेनू कीबोर्डवरून कसा चालावा, आणि मधे एका बापाचं लिहिणं. ७ जून २०१४ रोजी, तिच्या सहाव्या वाढदिवशी, ती गेली.

तिचा आवडता रंग जांभळा होता. सीएसएसच्या कार्यगटाने एका जांभळ्या छटेला तिचं नाव द्यायचं ठरवलं. लाल १०२, हिरवा ५१, निळा १५३. मायर यांनी एवढंच मागितलं की नाव 'बेका' नको, 'रिबेका' असावं. कारण तिच्या मते बेका हे बाळाचं नाव होतं, सहा वर्षांची झाल्यावर सगळ्यांनी आपल्याला रिबेका म्हणायचं असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि ती सहा वर्षांची झाली होती, जेमतेम बारा तास. आज कुठल्याही ब्राउझरला 'रिबेकापर्पल' हा शब्द दिला की तो रंग उमटतो. मी कामात तो फारसा वापरत नाही. पण पानावरचा एखादा खोका नेमका कुठे आहे हे बघायला तात्पुरता रंग द्यावा लागतो, तेव्हा हाताला तोच येतो.

त्यानंतर मी फीड निवडायची पद्धत बदलली. आधी मी विषय घालायचे, आता माणसं घालते. रॅचेल अँड्र्यू सीएसएस ग्रिडबद्दल, पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडायच्या सोयीबद्दल, लिहायच्या तेव्हा ते रोजच्या कामात वापरण्यासारखं नव्हतं. तरी त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या, नमुने मांडत राहिल्या, तपशील बदलला की जुनं दुरुस्त करत राहिल्या. मार्च २०१७ मध्ये एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींमध्ये ग्रिड आलं. आजूबाजूचे लोक म्हणाले, एकदम कुठून आलं हे! मला मात्र ते येताना दिसत होतं. त्याआधी २५ मे २०१० ला 'अ लिस्ट अपार्ट' या वेबवरच्या नियतकालिकात एथन मार्कोट यांचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणाऱ्या पानांचा, लेख आला, प्रवाही रकाने, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी एकत्र बांधणारा. तो वाचून मी काम करत असलेलं पान पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलं होतं. पण तसे लेख क्वचित. बहुतेक वेळा फीडमधून मिळते ती हळूहळू सरकणारी गोष्ट, कुणाच्या तरी डोक्यात एखादा विचार कसा वाढतो त्याची.

किंवा कसा मोडतो त्याची. माझ्या यादीत एक गृहस्थ आहेत. पूर्वी ते प्रत्येक पान ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनेच उभं करावं असं ठासून मांडायचे, आणि मला ते पटायचंही. मग एका लेखात त्यांनी नोंदवलं की जुन्या फोनवर त्यांचंच पान उघडायला फार वेळ लागला. पुढच्या लेखात मोजमापं होती. मग आठ महिने काहीच नाही. मग एक छोटा लेख: फॉर्म पुन्हा साध्या एचटीएमएलवर आणला, आणि तो चालतो. माणसाचं मत बदलतानाची ही चार पावलं मी सलग बघितली, मधल्या मौनासकट. कुठल्याही एका लेखात ती दिसली नसती.

१३ मार्च २०१३ ला जाहीर झालं की गूगल रीडर १ जुलैला बंद होणार. मी माझी यादी ओपीएमएल फाइलमध्ये, म्हणजे एका रीडरमधून दुसऱ्यात नेता येणाऱ्या यादीच्या रूपात, उतरवून घेतली. सारे पत्ते एका छोट्या फाइलीत मावले. ती फाइल मी दुसऱ्या रीडरमध्ये घातली, तिथून तिसऱ्या, मग मिनिफ्लक्समध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही फीड दाखवण्याची आपली अंगभूत सोय काढून टाकली, पत्ता शोधायला आता कधी कधी पानाचा सोर्स उघडावा लागतो. पण त्याच वर्षी नेटन्यूजवायर, २००२ पासूनचा रीडर, त्याच्या मूळ कर्त्याकडे, ब्रेंट सिमन्स यांच्याकडे परत आला आणि पुढच्या वर्षी मुक्त स्रोत होऊन बाहेर पडला. इतके रीडर आले, गेले, आणि ती फाइल तशीच चालते आहे, कारण ती कुणाचीच नाही.

फाइलीतले कप्पे मात्र मी पूर्वीच मोडले. आधी सीएसएस, जावास्क्रिप्ट, ॲक्सेसिबिलिटी असे विषयांचे होते. आता तीनच आहेत: रोज लिहिणारे, अधूनमधून लिहिणारे, क्वचित लिहिणारे. वाचते उलट्या क्रमाने. रोजच्यांचं शिल्लक राहिलं तर एका कळीने सगळं वाचलं म्हणून टाकते, त्यांनाही त्याचं काही वाटणार नाही. पण वर्षातून दोनदा बोलणारा माणूस बोलला, तर त्याला पहिली जागा. न वाचलेल्यांचा तो आकडाही मी बंद केला. आकडा दिसला की वाचणं म्हणजे देणं फेडणं वाटायला लागतं, आणि ही माणसं माझी सावकार नाहीत.

क्वचितच्या कप्प्यात शांतता फार आहे. तासाला एक फेरी म्हणजे वर्षाला ८,७६० वेळा विचारपूस, आणि ८,७६० वेळा तेच उत्तर. गप्प होण्याच्याही तऱ्हा आहेत. ४०४ म्हणजे इथे काही सापडत नाही, बहुधा नकळत हरवलेलं. ४१० म्हणजे होतं, मुद्दाम काढून टाकलंय, परत शोधू नका. ते उत्तर आलं की मी पत्ता काढते, सांगितलंय तर ऐकावं. सर्वात वाईट म्हणजे डोमेनची मुदत संपते, कुणी भलताच ते विकत घेतो, आणि ज्या नावाखाली आपण दहा वर्षं टेबलांबद्दल वाचलं त्याच नावाखाली जुगाराच्या जाहिराती यायला लागतात. तो पत्ता काढताना माझा हात दर वेळी थबकतो. पण जे नुसतं ३०४ म्हणत राहतात, त्यांचं एकही फीड मी कधी काढलेलं नाही.

तो फ्लोटवाला त्यांच्यातलाच. २००६ ते २०१२ या काळात त्याने एकूण १५ लेख लिहिले, मग थांबला. शेवटच्या लेखात निरोप वगैरे काही नव्हता, नंतर फक्त ३०४.

मागच्या महिन्यात एका सकाळी त्याच्या नावापुढे १५ नवे लेख दिसले. मी खुर्ची पुढे ओढली. वरचा मथळा ओळखीचा वाटला, त्याखालचाही. सगळे जुनेच होते. घडलं होतं ते असं. प्रत्येक लेखाला फीडमध्ये एक ओळख असते, आणि त्याने ती लेखाच्या पत्त्यावरूनच बनवली होती. साइट एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर गेली, पत्त्यात एक अक्षर वाढलं, आणि माझ्या रीडरला पंधराही लेख परके वाटले. ॲटमच्या तपशिलात यासाठी स्पष्ट बजावलं आहे, की घर हलवलं, मजकूर हलवला, काहीही केलं तरी लेखाची ओळख बदलता कामा नये. त्याचं फीड जुन्या आरएसएसचं.

पहिल्यांदा निराशा झाली, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की हे आपोआप झालेलं नसावं. कुणीतरी एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र बसवलं, कुणीतरी ती जागा हलवून नीट लावून ठेवली. दोन रात्रींत मी ते पंधरा लेख वाचले, या वेळी सर्वात जुन्यापासून. पहिलाच तो, दुप्पट मार्जिनचा. हे का चालतं ते मला सांगता येणार नाही.

आता मला त्यातलं थोडं सांगता येतं. फ्लोट केलेला घटक सीएसएसच्या तपशिलानुसार ब्लॉकच, म्हणजे स्वतंत्र खोकाच, धरला जातो, त्यामुळे त्याला इनलाइन, म्हणजे ओळीतला तुकडा, म्हटलं तरी नीट वागणाऱ्या ब्राउझरांना फरक पडत नाही, चुकणाऱ्यालाच पडतो. म्हणून तो उपाय इतका निर्धोक होता. साइटवर खाली त्याचा ईमेल होता. मी हे चार ओळींत लिहिलं, माझे दोन दिवस आणि त्याच्या दोन रात्री यांचा उल्लेख केला, पंधरा लेखांबद्दल आभार मानले आणि पाठवलं.

उत्तर आलेलं नाही. पण पत्ता चुकीचा असता तर पत्र परत आलं असतं, तेही आलेलं नाही.